गिटार चांगली आहे, लॅपटॉप चांगला आहे, मग रेकॉर्डिंग डबा का येतं?

मागच्या रविवारी भाचा बिबवेवाडीहून आला, पाठीला नवी इलेक्ट्रिक गिटार आणि चेहरा पडलेला. कॉलेजच्या ग्रुपची पुण्याच्या फिरोदिया करंडक स्पर्धेची तयारी चाललीय, त्यात याला एक तुकडा घरीच रेकॉर्ड करून पाठवायचा होता कारण स्टुडिओला तासाचे पैसे द्यायची ग्रुपची ऐपत नाही, आणि दोन दिवस खपून याने जे पाठवलं ते ऐकून सगळे म्हणाले की पत्र्याच्या डब्यावर वाजवलंयस का. "मामा, गिटारच फालतू निघाली बहुतेक."

मी हेडफोन लावून फाईल ऐकली. नवव्या-दहाव्या सेकंदाला मागून कुकरची शिट्टी आली. तिथेच कळलं की गिटारचा यात काही दोष नाही, कारण गिटारच्या वायरीतून कुकर येऊच शकत नाही. म्हणजे गिटार रेकॉर्डच झाली नव्हती, लॅपटॉपने स्वतःच्या बारक्या माईकने खोलीतला आवाज टिपला होता, नुसत्या तारांची टिणटिण आणि आईचा स्वयंपाक.

हा प्रॉब्लेम त्याच्या एकट्याचा नाही. दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी विचारतं की दहा-बारा हजारांची गिटार आहे, जुना लॅपटॉप आहे, आता रेकॉर्डिंगसाठी अजून किती घालवायचे. माझं म्हणणं असं आहे की पैशाचा विचार जरा बाजूला ठेवा, आधी तारेपासून कानापर्यंत आवाज कुठून कुठून जातो ते बघा, कारण तो ठरलेल्या तीन-चार जागीच बिघडतो आणि त्या जागा कळल्या की खर्च खूपच कमी होतो.

तारेपासून सुरुवात करू

ॲकॉस्टिक गिटारला पोकळ पोट असतं, तार हलली की ते लाकूड हलतं आणि हवा हलते. इलेक्ट्रिक गिटारचं पोट बहुतेक वेळा भरीव, तिच्या तारा नुसत्या ऐकल्या तर शेजारच्या खोलीतही जाणार नाहीत. तिचा खरा आवाज तारांखाली बसवलेल्या पिकअपमधून निघतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, काही पिकअपमध्ये तर सात-आठ हजार. वरची स्टीलची तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांत वीज तयार होते. शाळेत शिकलो तोच फॅराडेचा १८३१ चा शोध, सायकलच्या डायनॅमोत असतो तोच. चाकाऐवजी इथे तार हलते एवढाच फरक.

पण ही वीज किती? पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, आणि साधी वाजवलेली तार त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास देते, जोरात मारलं तर जास्त. म्हणजे सिग्नल अगदी नाजूक आहे आणि पुढचं सगळं या नाजूकपणातून येतं, तेवढं लक्षात ठेवा.

लॅपटॉपच्या भोकात थेट पिन घातली तर काय होतं

भाच्याने पन्नास रुपयांचा कन्व्हर्टर आणून गिटारची जाड पिन हेडफोनच्या भोकात घातली होती. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपला एकच गोल भोक असतं, हेडफोनलाही तेच आणि माईकलाही तेच. माईकवाल्या इअरफोनची पिन हातात घेऊन बघा, तिच्यावर तीन रेघा दिसतील म्हणजे चार भाग, डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि माईक. गिटारच्या केबलच्या पिनवर एकच रेघ, दोनच भाग. ती आत गेली की तिचं टोक बसतं डाव्या कानाच्या जागी, जिथून लॅपटॉप आवाज बाहेर सोडतो, आणि माईकची जागा सरळ ग्राउंडला चिकटते. लॅपटॉपला वाटतं बाहेरचा माईक आलाच नाही आणि तो स्वतःचा चालू ठेवतो. मग कुकर.

तुमच्याकडे असं होतंय का ते बघायला एक सोपी परीक्षा आहे. रेकॉर्डिंग चालू करा, गिटारला हात लावू नका आणि लॅपटॉपच्या कडेवर नखाने टकटक करा. टकटक रेकॉर्ड झाली तर तुमची गिटार अजून आत गेलेलीच नाही.

टाकीचं पाणी आणि बारीक पाइप

"मग माईकचा भाग वेगळा करणारा स्प्लिटर लावला तर?" भाच्याचा पुढचा प्रश्न. लावला तर आवाज आत जाईल, पण गोधडीखालून आल्यासारखा येईल, आणि याचं कारण जरा नीट समजून घेण्यासारखं आहे कारण घरच्या रेकॉर्डिंगमधला अर्धा गोंधळ इथेच असतो.

आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप अर्ध्या इंचाचा होता. नळ थोडासा सोडला तर पाण्याला छान जोर. पण खालच्या मजल्यावर कोणी पूर्ण नळ सोडून बादली भरायला बसलं की आमच्याकडे करंगळीएवढी धार. पाइप बारीक असला की मागणी वाढल्याबरोबर जोर पडतो. पिकअप म्हणजे तसा बारीक पाइप, हजारो वेढ्यांतून वाट काढत येणारी वीज. पुढचं यंत्र थेंब थेंब घेणारं असलं तर जोर टिकतो, घटाघट ओढणारं असलं तर पडतो.

यंत्र किती ओढतं हे त्याच्या इंपीडन्सवर ठरतं, म्हणजे विजेच्या वाटेत ते किती अडथळा ठेवतं त्यावर, आणि हे ओहममध्ये मोजतात. आकडा जेवढा मोठा तेवढं ते कमी ओढतं. गिटारला साधारण १० लाख ओहमचं इनपुट हवं असतं. लॅपटॉपचं माईकचं इनपुट असतं जेमतेम काही हजार ओहमचं. त्यामुळे आवाज लहान होतो ते एक, पण मुख्य म्हणजे आधी जातो तो वरचा, धारदार भाग, कारण वेढ्यांची गुंडाळी मुळातच वरच्या सुरांना जास्त अडवते. पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, तारेवर घासल्याचा जो टोकदार आवाज असतो ना, तोच गायब. नंतर ट्रेबल कितीही वाढवा, जो आत आलाच नाही तो कुठून आणणार?

म्हणजे इंटरफेस घ्यावाच लागणार

हो, एवढी एक गोष्ट मी टाळायला सांगणार नाही. ऑडिओ इंटरफेस म्हणजे गिटारसाठी योग्य दार आणि विजेचे आकडे करणारं यंत्र एकाच डबीत, यूएसबीने लॅपटॉपला जोडायची. ती एका सेकंदात ४४,१०० वेळा सिग्नल मोजते आणि प्रत्येक मोजमाप लॅपटॉपला लिहायला देते. घेताना एकच बघायचं, गिटारसाठी वेगळं इनपुट आहे का. कुठे 'इन्स्ट' लिहिलेलं बटण असतं, कुठे गिटारचं छोटं चित्र. बटण असेल तर ते दाबायला विसरू नका, मी असे लोक बघितलेत ज्यांनी वर्षभर ते दाबलंच नव्हतं.

नवा साधा इंटरफेस पाच ते बारा हजारांच्या दरम्यान येतो, बेहरिंगर, एम-ऑडिओ, फोकसराइट असे पर्याय आहेत. स्वस्त आणि महाग यात फरक असतो, पण एका वेळी एकच गिटार रेकॉर्ड करणाऱ्याला तो फारसा ऐकू येत नाही. मी माझा सेकंडहँड घेतला, साडेतीन हजारांना, एका मुलाकडून जो गिटार सोडून बंगलोरला नोकरीला गेला. सेकंडहँड घेताना स्वतःचा लॅपटॉप आणि केबल घेऊन जा, नॉब फिरवून खरखर येते का बघा, यूएसबीचं भोक हलतंय का बघा.

काहीशे रुपयांत गिटार-टू-यूएसबी केबल मिळते, एका टोकाला जाड पिन आणि दुसऱ्याला यूएसबी. चालते, पण बहुतेकींमध्ये सूं आवाज बराच असतो आणि आवाज कमी-जास्त करायला नॉबच नसतो. सराव ऐकायला ठीक. आणि घरात यूएसबीवाला मल्टिइफेक्ट पेडल, म्हणजे गिटारच्या आवाजावर वेगवेगळे इफेक्ट लावणारा डबा, असेल तर आधी त्याचं मॅन्युअल वाचा, काहींमध्ये ती यूएसबीच इंटरफेसचं काम करते आणि पैसे वाचतात, पण काहींची यूएसबी फक्त सेटिंग बदलायला असते, तिच्यातून आवाज जात नाही.

केबलचं म्हणाल तर दहा फुटांची एक बरी केबल पुरे. सोल्डरिंग येत असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा, शिल्डवाली वायर आणि धातूचे दोन जॅक घेऊन घरी बनवा, तुटली तरी स्वतः दुरुस्त करता येते.

स्पीकर नसेल तर ॲम्प अर्धाच

इंटरफेस आला, गिटार जोडली, आता आवाज स्वच्छ येतो पण कोरडा, पातळ, भाच्याच्या शब्दांत "हे गिटारसारखं वाटतच नाही." बरोबर आहे त्याचं. आपण ज्याला इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणतो तो गिटारचा एकटीचा कधीच नसतो, त्यात ॲम्प असतो, म्हणजे गिटारचा नाजूक सिग्नल मोठा करणारं यंत्र, आणि ॲम्पचा स्पीकर असतो.

त्यातला ॲम्प सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतो. न्यूरल ॲम्प मॉडेलर म्हणून ओपन सोर्स प्लगइन आहे, प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा छोटा प्रोग्रॅम. खऱ्या ॲम्पमध्ये ठरावीक आवाज सोडून तो ॲम्प त्याचं काय करतो हे कॉम्प्युटरला शिकवतात, आणि अशी शिकवलेली मॉडेलं लोक नेटवर फुकट वाटतात. लॅपटॉप जुना असेल तर त्यातली हलकी मॉडेलं घ्या, लाइट, फेदर, नॅनो अशा नावांची.

आता बहुतेक जण इथे चुकतात. ॲम्पचं मॉडेल लावलं, डिस्टॉर्शन म्हणजे आवाज मुद्दाम फाडणं, ते वाढवलं आणि कानाशी गांधीलमाशी घोंगावतेय असा आवाज आला, की म्हणतात सॉफ्टवेअर बेकार. पण तिथे स्पीकर राहिलेला असतो. गिटारचा बारा इंची स्पीकर घरच्या म्युझिक सिस्टीमसारखा नसतो, साधारण ५,००० हर्ट्झच्या वर तो आवाज झपाट्याने पाडतो, आणि डिस्टॉर्शनमधली ती सगळी बोचणारी किरकिर नेमकी त्याच्या वर असते. स्पीकर म्हणजे चहाची गाळणी. गाळणी नसेल तर चहा कितीही चांगला असू दे, तोंडात पावडरच येणार.

ही गाळणीसुद्धा फाईल म्हणून मिळते, तिला इंपल्स रिस्पॉन्स म्हणतात, बोलताना नुसतं आयआर. जंगली महाराज रोडवर पाताळेश्वरच्या लेण्यात जाऊन एक टाळी वाजवा. दगडातून जो घुमारा परत येतो तो त्या लेण्याची सही आहे. तो रेकॉर्ड करून ठेवला तर गणित करून कुठलाही आवाज त्या लेण्यात असल्यासारखा घुमवता येतो. तसंच स्पीकरला एक छोटासा आवाज देऊन समोरच्या माईकमध्ये काय परत आलं ते साठवतात, तोच आयआर. एका सेकंदाहूनही लहान फाईल असते. ॲम्पच्या मॉडेलनंतर ती लावायची. फक्त एक बघा, काही मॉडेलांमध्ये स्पीकर आधीच धरलेला असतो, त्यावर परत आयआर लावला की दोनदा गाळलं जातं आणि आवाज बसका होतो.

भाच्याला मी आधी आयआरशिवाय ऐकवलं आणि मग लावून. काही बोलला नाही, फक्त हेडफोन हाताने कानावर दाबून धरले.

"पण हे नकलीच ना? खऱ्या ॲम्पची मजा वेगळी"

मजा वेगळी आहे, अगदी मान्य. खोलीत मोठा ॲम्प लावून वाजवताना छातीत जे जाणवतं ते हेडफोनमध्ये नाही येत. पण रेकॉर्डवर तुम्ही ते कधीच ऐकलेलं नाही. रेकॉर्डवर ऐकलाय तो ॲम्पच्या स्पीकरपासून दोन-चार सेंटीमीटरवर ठेवलेल्या माईकने टिपलेला आवाज, बहुतेक वेळा शुअरचा एसएम५७, जो १९६५ पासून चालत आलाय. आयआर त्याचीच नक्कल करतो. आणि ॲम्प न लावता थेट वायरीतून रेकॉर्ड करणं ही काही गरिबांची तडजोड नाहीये, १९६८ साली बीटल्सनी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, ज्याला आता ॲबी रोड म्हणतात, गिटार सरळ मिक्सिंगच्या टेबलात घालून त्याच्या सर्किटलाच फाटेपर्यंत ताणलं होतं, आणि त्यांच्याकडे ॲम्पची कमी नव्हती.

शिवाय पुण्यात फ्लॅटमध्ये राहताना खरा ॲम्प त्याच्या चांगल्या आवाजाला येईपर्यंत वाढवायचा कधी? दुपारी वरच्या काकूंची झोप, संध्याकाळी मुलांचे अभ्यास, आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने नदीकाठी ढोलपथकांचा सराव, जो कुठल्याही माईकमध्ये शिरतो. वायरीतून रेकॉर्ड केलं की रात्री अकरालासुद्धा करता येतं आणि कोणाला त्रास नाही.

वाजवलं आता, ऐकू आलं नंतर

सॉफ्टवेअरमधून वाजवताना पिक मारल्यावर आवाज जरा उशिरा येतो, याला लेटन्सी म्हणतात. लॅपटॉप आवाजाचे आकडे एकेक करून पाहत नाही, टोपलीत साठवतो आणि टोपली भरली की उचलतो. टोपली १,०२४ आकड्यांची असेल तर ती भरायलाच २३ मिलिसेकंद लागतात, १२८ ची असेल तर तीनच्या आत. येताना एक टोपली, जाताना एक, म्हणजे दुप्पट धरा. हवेतून आवाज ३ मिलिसेकंदांत साधारण एक मीटर जातो, म्हणजे छोटी टोपली ठेवलीत तर ॲम्पपासून दोन-तीन मीटरवर उभं राहिल्याइतकाच उशीर, हाताला कळतही नाही. ही टोपली सेटिंगमध्ये बफर नावाने सापडेल. वाजवताना लहान ठेवा, नंतर मिक्स करताना मोठी करा. फार लहान केली तर फटफट आवाज येतात, म्हणजे लॅपटॉपला झेपत नाहीये, मग एक पायरी वर जा.

विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे हा उशीर कमी करणारा छोटा प्रोग्रॅम, टाका, नसेल तर एएसआयओफोरऑल फुकट आहे. याने पडणारा फरक फार मोठा आहे.

आणि ब्लूटूथ इअरबड वापरू नका, कृपा करून. त्यात सहज १५० मिलिसेकंद जातात, म्हणजे ५० मीटरवरचा स्पीकर ऐकत तालात वाजवायचं. लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीत शेवटच्या रांगेतला ढोलवाला नुसत्या कानावर चालला तर जे होईल तेच होतं. वायरवाले साधे हेडफोन घ्या.

गुणगुण जात नाही

आपल्याकडची घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, ती भिंतीतल्या वायरिंगमधून पिकअपमध्ये शिरते आणि गुंऽऽ असा आवाज राहतो. एका गुंडाळीच्या पिकअपला हा त्रास जास्त. यावरच गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकर काढला, उलटसुलट जोडलेल्या दोन गुंडाळ्या, बाहेरची गुणगुण एकमेकींत कापली जाते आणि तारेचा आवाज दुप्पट होतो.

हंबकर नसेल तरी बरंच करता येतं. लॅपटॉपपासून हातभर लांब बसा, गिटार हातात धरून खुर्चीवर हळूहळू फिरा, एका दिशेला गुणगुण एकदम कमी होते, तिथेच थांबून वाजवा. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. माझ्या घरी खरा दोषी महिनाभर सापडत नव्हता, शेवटी निघाला तो जुना पंख्याचा रेग्युलेटर, पंखा बंद केला की शांत. एप्रिलमध्ये पंख्याशिवाय वाजवणं सोपं नाही पण तीन-तीन मिनिटं होतं. एक मात्र करू नका, गुणगुण जावी म्हणून तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका किंवा तिच्यावर टेप गुंडाळू नका. तुमचा हात स्टीलच्या तारांवर असतो. घरात अर्थिंग नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

किती जोरात रेकॉर्ड करायचं

मोठ्याने केलं की चांगलं येतं हा कॅसेटच्या काळातला समज, तेव्हा टेपचाच फसफस आवाज मागे असायचा. डिजिटलमध्ये शून्य डेसिबलवर छप्पर आहे, त्याच्या वर गेलेला आवाज सपाट कापला जातो आणि तो काही केल्या परत मिळत नाही. म्हणून सगळ्यात जोराचा स्ट्रोक मारा आणि काटा मायनस १२ डेसिबलच्या आसपास राहील असा नॉब ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट निवडा, मग हळू रेकॉर्ड झालं तरी नंतर वाढवता येतं.

सॉफ्टवेअर म्हणून मी रीपर वापरतो, ६० दिवस वापरून बघता येतं, जुन्या लॅपटॉपवर चालतं. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहेच. दोन्हीत गिटार कोरडीच साठते आणि ॲम्प, आयआर वरून लावले जातात, म्हणजे भाजी चिरून ठेवलीय आणि फोडणी नंतर कधीही बदलता येते. ग्रुपमधला कोणी उद्या म्हणाला की डिस्टॉर्शन कमी पाहिजे, तर परत वाजवायला नको.

आणि तारा बदला. खरंच. तीन महिने जुन्या, काळ्या पडलेल्या तारांचा आवाज कुठलाही प्लगइन उजळवत नाही, आणि नवा सेट सहासातशे रुपयांत येतो. बदलल्यावर तासभर ताणून, वाजवून घ्या, आणि प्रत्येक टेकच्या आधी ट्यून करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

रविवारी संध्याकाळी

भाच्याची गिटार माझ्या इंटरफेसला लावली, 'इन्स्ट'चं बटण दाबलं, आठ मात्रांचा तुकडा तिसऱ्या टेकला नीट आला. मग म्हणाला हा कॉपी करून डावीकडे-उजवीकडे ठेवू, भरदार वाटेल. करून दाखवलं, नुसता मोठा झाला, रुंद नाही झाला. गणपतीच्या आरतीत पंधरा जण तेच शब्द म्हणतात पण प्रत्येकाचं थोडं पुढेमागे असतं म्हणून खोली भरते, एकाच माणसाचा आवाज पंधरा वेळा लावला तर तो एकच माणूस राहतो. दोन्ही बाजूंना ठेवायचं तर दोनदा वाजवावंच लागतं.

त्याने हेडफोन परत चढवले. आठातल्या पाचव्या मात्रेला आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, त्याचे डोळे झटकन स्क्रीनकडे गेले, पण हात थांबला नाही. संपल्यावर आम्ही तो तुकडा लावून ऐकला, दोनदा. शिट्टी कुठेच नव्हती.